कष्टाचे कौतुक पुरे, हिशेब द्या!

अण्णाभाऊ साठेंनी मुंबईत हमाली केली, गिरणीत राबले. नामदेव ढसाळांनी टॅक्सी चालवली. जयंती आली की प्रस्थापितांना याच गोष्टी सांगून गहिवर येतो : किती कामे केली आणि शेवटी साहित्याची वाट सापडली!

मित्रांनो, ही कामे हौसेची नव्हती. जातीने आणि भुकेने ती लादली होती. त्याच जगण्याच्या धगीतून ‘गोलपिठा’ (१९७२) आला. अण्णाभाऊंनी ‘फकिरा’ (१९५९) बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, ती उगाच नाही.

पण ज्यांची लेखणी हमालीतच मोडली, त्यांचा हिशेब कोण देणार? आज आपल्या वस्तीतला पोरगा पाठीवर डिलिव्हरीची बॅग घेऊन फिरतो आणि रात्री लिहितो. त्याच्या कष्टाचे गोडवे गाऊ नका. वेळेवर शिष्यवृत्ती द्या, वस्तीत वाचनालय द्या!

जय भीम!