घोड्याला उभं राहायलाही शिकवा

एन्ड्युरन्सच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या, शर्यतीसाठी घोडा पळवायची तयारी आपण महिनोन्‌महिने करतो. पशुवैद्यकांसमोर त्याला काही मिनिटं उभं करायची तयारी मात्र फार थोडे लोक करतात. हे चुकीचं आहे, आणि त्याची किंमत घोडा मोजतो.

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार टप्पा संपल्यावर ठरलेल्या वेळेत हृदयाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ६४ किंवा त्याखाली यावे लागतात, नाहीतर घोडा बाद. विश्रांतीत हे ठोके २८ ते ४४ असतात. पण परका माणूस पोटाखाली हात घालायला आला की बुजरा घोडा दमलेला नसतानाही त्याचे ठोके चढतात. उलटही होतं, आणि ते जास्त धोक्याचं: भेदरलेलं जनावर दुखणं लपवतं. मग तपासणीचा उपयोग काय?

माझी मारवाडी घोडी अशीच बुजरी. खरारा झाला की रोज मी तिच्या डाव्या कोपरामागे, तंगाच्या जागी, तळहात टेकवते आणि ती मान खाली सोडेपर्यंत काढत नाही. स्टेथोस्कोप आधी हुंगायला देते, चकती मुठीत गरम करते, मग लावते. नंतर कुशीवर, कारण आतड्यांचा आवाज तिथे ऐकतात. ओठ उचलून हिरडी दाबते; पांढरी पडलेली जागा दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. मानेची कातडी चिमटीत धरून सोडते; अंगात पाणी कमी असेल तर ती घडी सावकाश मोडते. हे सगळं माझ्या हातून सोसलं म्हणजे झालं असं नाही. टोपीवाला, चष्मेवाला, सरसरत्या रेनकोटातला, अशा परक्या माणसांकडूनही करून घ्यावं लागतं.

दुडकी चाल दाखवण्याचा सराव वेगळा. मोरखीचा दोर सैल हवा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर उचलतो. दोर आवळून धरला तर डॉक्टरांना ते दिसणारच कसं?

नाकाला फास लावून घोडा गप्प करा, असा सल्ला मला अनेकदा मिळाला. मला तो मुळीच मान्य नाही. फासाने घोडा गप्प होतो, त्याची भीती जात नाही. गुंगीच्या औषधांना तर स्पर्धेत बंदीच आहे, आणि ती योग्य आहे.

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना आपण रंग, भोवरे, चाल पाहतो. त्याच्या हिरडीला आणि तंगाच्या जागी हात लावू देतो का, हेही पाहा.

संयोजकांना एक विनंती. शर्यतीआधी पूर्वतपासणी होतेच. त्याच जागी, त्याच डॉक्टरांसमोर, नवख्या घोड्यांना सरावासाठी तासभर द्या. त्याला वेगळा खर्च लागत नाही.