गोष्ट सर्वांची व्हावी

आमच्या विद्यार्थ्यांत अलीकडे एका खेळाची आवड वाढत चालली आहे. चारपांच जण मेजाभोंवतीं बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यांतील पात्रें होतात, आणि जेथें यशापयशाचा संशय असेल तेथें फांसे टाकून निकाल लावितात. असला खेळ १९७४ सालीं अमेरिकेंत गायगॅक्स व आर्नेसन या दोघांनीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नांवानें प्रसिद्ध केला व तेथून तो जगभर पसरला. कित्येक पालक यास वेळेचा अपव्यय समजतात. आम्हांस तसें वाटत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. पुष्कळदां या खेळांत एकटा सूत्रधारच खेळतो आणि बाकीचे नुसते ऐकत बसतात.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं असा एक डाव पाहिला. विषय होता रामशेजचा वेढा. नाशिकच्या उत्तरेस असलेल्या या लहानशा किल्ल्यास १६८२ सालीं औरंगजेबाच्या फौजेनें वेढा घातला. परंतु मराठ्यांनीं तो कित्येक वर्षें लढविला. सूत्रधार झालेला विद्यार्थी मोठा अभ्यासू. त्यानें शत्रूची छावणी, लांकडी दमदमा, गडावरील तोफांची उणीव हें सर्व उत्तम वर्णिलें. आणि त्याच दमांत गडकऱ्यांनीं लांकडी तोफा कशा केल्या हेंही सांगून टाकिलें. मग खेळणारांस करावयास उरलें काय? एक जण खिडकींतून पाऊस पाहूं लागला, दुसरा फांशांचा मनोरा रचूं लागला. यांना गोडीच नाहीं, असें म्हणून सूत्रधार रुसला.

आठ दिवसांनीं तोच डाव त्यानें खालच्या वर्गांतील मुलांबरोबर मांडिला. या खेपेस आमच्या सूचनेवरून तो मध्येंच थांबला. "गडावर लोखंडी तोफ नाहीं. दारू आहे, झाडें आहेत, जनावरांचीं कातडीं आहेत. शत्रूचा दमदमा रोज उंच होत आहे. आतां तुम्ही काय कराल?" बराच वेळ कोणी बोलेना. मग वर्गांत सहसा तोंड न उघडणारा एक मुलगा हळूच म्हणाला, "झाडाचा बुंधा कोरूं." "तो फुटेल," दुसरा म्हणाला. "वरून ओलें कातडें ताणून बसवूं. वाळलें म्हणजे आवळतें. आमचे काका ढोलकी मढवितात." सर्व जण त्याच्याकडे पाहूं लागले. गडकऱ्यांनींही लांकडें कोरून व चामडें वापरून तोफा केल्याचें इतिहासांत सांगतात, हें त्या मुलास ठाऊक नव्हतें. त्या दिवशीं घंटा झाली तरी कोणी जागचा हालेना.

ही रीत आम्हांस परकी नाहीं. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिलें, तेव्हां सूत्रधार पद्यांतून कथा पुढें नेई आणि पात्रें आपापलीं भाषणें आयत्या वेळीं करीत. सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील दशावतारी मंडळ्यांत आजही आख्यान ठरतें, सोंगें ठरतात, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा व राक्षस समोरासमोर उभे राहिले म्हणजे ज्याचे शब्द त्यानेंच शोधावयाचे. तरी आख्यान मोडत नाहीं. मुलांस मोकळीक दिली तर गोष्ट भरकटेल, अशी भीति बाळगणारांस आमच्या मतें हें उत्तर पुरेसें आहे.

म्हणून सूत्रधारानें तीन गोष्टी सांभाळाव्या. संकट उभें करावें, पण त्यांतील वाट आपण दाखवूं नये. प्रश्न सर्वांस मिळून न विचारतां प्रत्येकास पाळीपाळीनें विचारावा. नाहीं तर जो मोठ्यानें बोलतो त्याचेंच राज्य होतें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, खेळणाराच्या शब्दानें कथेंत कांहीं तरी खरोखर बदललें पाहिजे. विचारून पुन्हा आपलेंच करणारा सूत्रधार न विचारणाऱ्यापेक्षांही वाईट; कारण मूल तेवढें ओळखतें व पुढच्या वेळीं गप्प बसतें. खेळणारांचेंही एक कर्तव्य आहे. सोबत्याची युक्ति फसली तर हंसूं नये. फांसा कोणावरही उलटा पडतो.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे. यासाठीं फांसे अथवा महागडें पुस्तक लागत नाहीं. रात्रीं जेवणें झाल्यावर गोष्ट सांगतांना ऐन रंगांत थांबावें आणि "मग त्यानें काय केलें असेल?" असें मुलासच विचारावें. उत्तर येण्यास वेळ लागेल. तेवढा वेळ थांबणें आपणां मोठ्यांस फार कठीण जातें. पण ज्या मुलाला घरीं व शाळेंत कोणी कधीं विचारलेंच नाहीं, तें पुढें चार माणसांत आपलें मत कसें मांडणार? ढोलकीचें ज्ञान त्या मुलापाशीं आधींपासूनच होतें. तो दोन वर्षें आमच्या वर्गांत बसला. आम्हींच त्यास कधीं विचारलें नव्हतें.