तिघांचं ताट

सोनोग्राफीत जुळं दिसलं की परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही घरात पहिला हुकूम सुटतो तो जेवणाचा. "दोन लेकरं हायेत पोटात, तिघांचं खायला पाहिजे." सासू तुपाची बरणी पुढे सरकवते, नणंद खारीक-खोबऱ्याचे लाडू वळते, माहेरून डिंक येतो. मग सहाव्या-सातव्या महिन्यात ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासतात, "शुगर निघाली" असा निरोप घरी येतो आणि त्याच स्वयंपाकघरातून दुसरा हुकूम सुटतो. भात बंद, गूळ बंद, केळी बंद, बटाटा बंद, रात्रीचं जेवण निम्मं. दोन्ही हुकूम मायेपोटीच निघालेले असतात. दोन्ही चुकीचे आहेत, आणि माझ्या मते दुसरा जास्त घातक आहे.

ही साखर तिने गोड खाल्लं म्हणून चढलेली नसते, हे आधी घरातल्या थोरांना सांगायला हवं. वारेतून निघणारे हार्मोन आईच्या इन्शुलिनचा जोर कमी करतात. त्यामुळे जेवणानंतरची साखर तिच्या रक्तात जरा जास्त वेळ राहते आणि बाळाला पोचते. ही निसर्गाचीच सोय आहे. जिचं स्वादुपिंड जास्तीचं इन्शुलिन काढून हा ताण पेलतं तिला काही होत नाही, जिचं पेलत नाही तिची साखर चढते. जुळ्यात वारेचा पसारा मोठा, म्हणून ताणही मोठा. "आमच्या खानदानात कुणाला शुगर नाही" हे वाक्य इथे कामाला येत नाही. "ही तर एवढी बारीक, हिला कशी होईल?" हेही येत नाही.

बारकेपणाचा भरवसा का धरू नये, याचं उत्तर आपल्याच राज्यात सापडलं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा माग ठेवला. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोच्या आसपास भरली. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ती खूपच हलकी होती, पण त्यांच्यात कमी होतं ते मुख्यतः मांस, चरबी बऱ्यापैकी राखलेली होती. अंगाने बारीक आणि आतून चरबीदार, ही आपल्या लोकांची ठेवण पोटात असल्यापासूनची. साखर वापरून टाकणारं मांसच कमी, म्हणून वजनकाट्यावर हलकी दिसणारी बाईसुद्धा या आजारात सापडते. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. आईने एकूण किती कॅलरी खाल्ल्या याच्याशी बाळाच्या वजनाचा फारसा मेळ बसला नाही. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते, याच्याशी मात्र बसला. आपल्या विषयातलं निम्मं पथ्य इथेच सांगून झालं.

आता आपला जिल्हा. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे 2019 ते 21 या काळात, परभणीतल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 48 टक्के बायकांचं लग्न अठराव्या वर्षाआधी झालेलं होतं. राज्यात इतकं प्रमाण दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात नव्हतं. म्हणजे पहिल्या गर्भारपणात इथल्या पुष्कळ पोरी स्वतःच अजून भरलेल्या नसतात, आणि त्यात रक्त कमी. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 साली गरोदरपणात वजन किती वाढावं याचे आकडे ठरवून दिले. बेताच्या वजनाच्या बाईचं जुळ्यात 17 ते 25 किलो वाढायला हवं, एका बाळात हेच 11.5 ते 16. मुळात वजन कमी असलेल्या जुळ्यांच्या आईसाठी त्यांनी आकडाच दिला नाही, पुरेशी माहिती नाही म्हणून. आपल्याकडच्या बाईचा रकाना तिथे रिकामा आहे, आणि इकडे आपण तिची भाकरी काढून घेतो.

काढून घेतल्यावर काय होतं तेही पाहू. गरोदर बाईचं शरीर उपाशी राहिलं की नेहमीपेक्षा फार लवकर चरबी जाळायला लागतं आणि रक्तात कीटोन साचतात. रात्री आठला निम्मं जेवून सकाळी दहाला चहा, हा चौदा तासांचा उपास तिच्या शरीराला चांगलाच जाणवतो. जुळ्यात तर आणखी लवकर. पिष्टमय पदार्थ दिवसाकाठी 175 ग्रॅमच्या खाली जाऊ नयेत असं गरोदरपणासाठी सांगतात, ते एकच बाळ असतानाचं. कॅनडातल्या ऑन्टारिओत जुळ्यांच्या गर्भारपणाच्या नोंदी तपासणाऱ्या डॉक्टरांना असंही दिसलं की साखरेपायी बाळ नको इतकं मोठं होण्याचा जो धोका एकट्या बाळाला असतो, तो जुळ्यांत तितका दिसत नाही. म्हणून साखरेकडे काणाडोळा करायचा असं नाही. उपाशीपोटी 95 च्या आत, जेवणानंतर दोन तासांनी 120 च्या आत, हे लक्ष्य जुळ्यातही सहसा तेच ठेवतात. पण निम्म्याहून अधिक जुळी सदतीस आठवड्यांच्या आत जन्मतात, आधीच लहान असतात. अशा बाळांच्या आईला अर्धपोटी ठेवून रिपोर्ट छान आणण्यात कसली हुशारी?

पथ्य म्हणजे वाटणी. तेवढंच अन्न, उलट थोडं जास्तच, पण तीन वेळच्या भरगच्च ताटांऐवजी सहा वेळा. इथे दवाखान्यातून मिळणाऱ्या छापील कागदाची गंमत सुरू होते. ओट्स, ब्राउन राइस, ब्रोकोली, "दोन फुलके". पाथरीच्या किंवा पालमच्या घरात फुलका कोण करतं? तिथे भाकरी असते. ज्वारीचं पीठ वजनकाट्यावर ठेवून पाहा. तळहाताएवढी भाकरी 30 ग्रॅम पिठाची, तिच्यातून 20 ग्रॅमच्या आसपास पिष्टमय भाग जातो. पण आपल्या तव्यावर पडणारी, ताट झाकेल अशी भाकरी 75-80 ग्रॅमची सहज होते. पन्नासहून जास्त. "दोन भाकरी खा" म्हटलं तर चुलीपाशी बसलेली बाई शंभर ग्रॅम एका बैठकीत खाऊन जाते, आणि वर "ज्वारीने शुगर वाढत नाही" असं पिढीजात आश्वासन. वाढते. तांदळापेक्षा ज्वारी बरी, तंतू जास्त, पण ती औषध नाही. याच दोन मोठ्या भाकऱ्या दुपारी पाऊण, चार वाजता चतकोर चटणीबरोबर, रात्री पाऊण आणि निजताना उरलेली चतकोर दुधात कुस्करून, अशा वाटल्या तर साखर आटोक्यात राहू शकते आणि पोटही रिकामं राहत नाही. निजतानाचा तो घास विसरायचा नाही, कारण पहाटेचा लांब उपास तोच मोडतो.

सकाळी मात्र जपायचं. शरीर सकाळी इन्शुलिनला सगळ्यात कमी दाद देतं आणि नेमकं सकाळीच आपण तिला चहा-टोस्ट किंवा ताटभर सुशीला देतो. मराठवाड्याचा हा चुरमुऱ्यांचा नाश्ता माझाही आवडता, पण चुरमुऱ्यांची साखर व्हायला वेळ लागत नाही. त्या जागी मुगाचं धिरडं, एखादं धपाटं दह्याबरोबर, अंडं चालत असेल तर दोन अंडी. बाकी जुळ्यासाठी जे वरचं लागतं ते तुपाच्या लाडवातून देण्याऐवजी घट्ट वरण, मटकीची उसळ, शेंगदाणे, जवसाची आणि कारळाची चटणी, दूध, ताक यांतून भरून काढायचं. साखरेला धक्का न लावता ताकद देणारं एवढं सगळं आपल्याच डब्यांत पडून आहे. शेपू, तांदुळजा, अंबाडी, हरभऱ्याचा कोवळा पाला. जानेवारीत हुरड्याला गेली तर मूठभर हुरडा शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खावा, गूळ बाजूला ठेवून. अख्खा हंगाम तिला नुसतं बघायला लावणं हा दुष्टपणा आहे.

मला खटकतं ते असं. परभणीत 1972 पासून कृषी विद्यापीठ आहे. ज्वारीचे वाण इथे घडले. हैदराबादजवळच्या इक्रिसॅटबरोबर काम करून 2018 साली आलेल्या ‘परभणी शक्ती’त साध्या ज्वारीपेक्षा लोह आणि जस्त जास्त आहे, लोह किलोमागे 42 मिलिग्रॅमच्या आसपास. विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, म्हणजे पूर्वीचं गृहविज्ञान, याच शहरात आहे. आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आहे. या तिघांनी एका टेबलावर बसून भाकरीच्या खऱ्या आकाराचं चित्र, वाटीचं माप आणि सहा वेळांचं घड्याळ असा एक पानाचा तक्ता काढायला किती खर्च येईल? ओट्सचा कागद मात्र फुकट फोटोकॉपी होऊन फिरतो.

तक्ता आला तरी एक अडचण उरतेच, आणि ती कुणी लिहून देत नाही. घरात सून शेवटी जेवते. पुरुष, मुलं, आत्याबाई, मग ती. तोवर वरणाचा गोळा संपलेला असतो, तळाशी पाणी राहतं. भाजी दोन घास. भाकऱ्या मात्र असतात, म्हणून ती भाकरीवरच पोट भरते, दुपारी तीनला. डॉक्टरांनी सांगितलेलं सहा वेळांचं वेळापत्रक या क्रमात बसतच नाही. डाळ आधी तिच्या वाटीत काढून ठेवणं, तिला एक वाजता बसवणं, चार वाजता तिच्या हातात फुटाणे ठेवणं, ही कामं तिची नाहीत. पेशंट ती असली तरी पथ्य घराने पाळायचं आहे. नवऱ्याला दवाखान्यात बोलावून हे सांगणारे डॉक्टर मी पाहिलेत, पण थोडे. सासूला आत बोलावणारे त्याहून थोडे, आणि तिच्याशिवाय तर हे होणारच नाही.

तपासणीची वेळही आपल्या रीतीरिवाजांशी विचित्र जुळून येते. केंद्र सरकारच्या 2018 च्या सूचनांनुसार ही तपासणी पहिल्या भेटीत एकदा आणि मग 24 ते 28 आठवड्यांत पुन्हा करायची. 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त, 140 किंवा वर आलं की आजार धरायचा. उपाशीपोटी यायची अट नाही. चेन्नईचे डॉ. व्ही. शेषय्या यांनी ही पद्धत रुजवली ती याचसाठी, की लांबच्या गावाहून एसटीने येणाऱ्या बाईला उपाशी बोलावलं तर ती परत येत नाही. तरीही जिंतूरकडची बाई रिकाम्या पोटी बाकावर बसलेली दिसते. दुसऱ्या तपासणीचा काळ म्हणजे सातवा महिना, म्हणजेच डोहाळजेवण आणि पहिलटकरणीची माहेरी रवानगी. पेढे-बर्फी इथे, रिपोर्ट तिथे. सासरच्या आशाताईला माहीत आहे, माहेरच्या आशाताईला नाही. माता-बाल संरक्षण कार्ड ओटीच्या सामानाबरोबर बांधून द्यावं, नारळाच्या आधी.

गंगाखेड, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचं तर बोलायलाच नको. दिवाळीनंतर टोळी निघाली की सातवा महिना फडावर लागतो. मुकादमाची उचल फिटेपर्यंत सुट्टी नाही, आणि खाडा पडला तर पैसे कापतात. त्यांना पथ्य सांगणं म्हणजे थट्टा होईल. साखर कारखान्याच्या आवारात महिन्याच्या 9 तारखेला, ज्या दिवशी सरकारी दवाखान्यांत 2016 पासून गरोदर बायकांची मोफत तपासणी होते त्याच दिवशी, एक ग्लुकोमीटर आणि एक नर्सताई पोचवता येणार नाही असं मला कुणी पटवून द्यावं.

आणि इन्शुलिनची भीती. दोन आठवडे नीट पथ्य करूनही जेवणानंतरची साखर 120 च्या वर राहिली तर औषध किंवा इन्शुलिन सुरू करायचं असं केंद्र सरकारच्या त्याच सूचना सांगतात. जुळ्यात ती पाळी येऊ शकते, त्यात बाईचं काही चुकलेलं नसतं. "एकदा सुई लागली की सुटत नाही" असं शेजारीण सांगते. बहुतेकींची बाळंतपणानंतर सुटते. इन्शुलिन वार ओलांडून बाळाकडे जात नाही, हेही शेजारणीला सांगावं. जुळी लवकर होणार असं दिसलं की बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टिरॉइडची इंजेक्शनं देतात, तेव्हा चार-पाच दिवस साखर उसळते. त्या दिवसांत तिला "काय खाल्लंस?" असं विचारू नये.

बाळंतपण झालं की सगळ्यांना हायसं वाटतं आणि डिंकाचे लाडू परत येतात. खरं तर या बाईला पुढे कायमची साखर लागण्याचा धोका इतर बायकांच्या सात ते दहा पट असतो, म्हणून सहा आठवड्यांनी तीच ग्लुकोजची तपासणी पुन्हा करायची असते. ती होत नाही, कारण तोवर कुणाला आठवत नाही. सहा आठवडे म्हणजे साधारण सव्वा महिना संपतो तो काळ, आणि बाळांच्या पेंटा लसीच्या पहिल्या डोसची तारीखही तीच. दोन्ही लेकरं घेऊन तिला दवाखान्यात जायचंच असतं. आईची तपासणी त्याच दिवशी, त्याच बाकावर उरकता येते. ग्लुकोज पिऊन दोन तास थांबावं लागतं, तेवढा वेळ दोन बाळं सांभाळायला घरचं एक माणूस सोबत लागतं. ते माणूस नवरा असला तरी चालतं.