म्हैसमाळचा चढ आणि सायकलची शर्यत

जानेवारी २०२६ मध्ये पुण्याच्या परिसरात सायकलींची एक आंतरराष्ट्रीय शर्यत झाली. जागतिक सायकलिंग महासंघाच्या २.२ श्रेणीतील, अनेक टप्प्यांची अशी शर्यत भारतात प्रथमच होत होती. ४३७ किलोमीटरांचा मार्ग सह्याद्रीच्या चढउतारांतून आखला होता आणि देशोदेशींच्या संघांसाठी रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले होते. विजेतेपद परदेशी स्पर्धकाकडे गेले, यात नवल नव्हते. पुण्याला जे लाभले ते वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेला का लाभू नये, असे येथील नागरिकांच्या मनात येणे अगदी स्वाभाविक आहे. असा टप्पा येथे यावा, असे आम्हांलाही वाटते. परंतु त्यासाठी सरकारदरबारी अर्ज करण्यापूर्वी अशा शर्यती मोठ्या कशाने होतात, याचा थोडा विचार केलेला बरा.

या साऱ्या शर्यतींची गंगोत्री म्हणजे ‘टूर द फ्रान्स’. ती एका वृत्तपत्राने सुरू केली, आणि तीही खप वाढावा म्हणून! प्रतिस्पर्धी पत्रापुढे हतबल झालेल्या ‘लोतो’ या क्रीडादैनिकाचे संपादक आंरी देग्रांज यांनी १९०३ च्या जुलैत ही शर्यत भरविली. सुमारे अडीच हजार किलोमीटर, सहा टप्पे. साठ जण निघाले, एकवीस पोचले. पहिला आलेला मोरिस गारँ हा पूर्वी धुराडी साफ करणारा कामगार होता. दुसऱ्याच वर्षी मात्र लबाडीने कळस गाठला. रस्त्यावर खिळे पसरले गेले, स्पर्धकांना मारहाण झाली आणि चौकशीअंती पहिले चारही क्रमांक बाद होऊन एका एकोणीस वर्षांच्या मुलाला विजेता ठरवावे लागले. आपली शर्यत आता संपली, असे खुद्द देग्रांज यांनीच लिहिले होते. तरी १९०५ साली ती पुन्हा भरली. आमच्या मते या शर्यतीचे खरे भाग्य त्या तिसऱ्या वर्षी ठरले.

पर्वत आला तो १९१० साली. पिरेनीजमधील तूरमाले ही २,११५ मीटर उंचीची खिंड पाहावयास गेलेला आयोजकांचा माणूस रात्री बर्फात वाट चुकला आणि मरता मरता वाचला; तरीही रस्ता उत्तम असल्याची तार त्याने पॅरिसला केली, असे सांगतात. त्या तारेच्या भरवशावर स्पर्धकांना कच्च्या डोंगरवाटांनी ३२६ किलोमीटरांच्या एका टप्प्यावर धाडण्यात आले. ओक्ताव्ह लापीझ हा त्या वर्षीचा विजेता. पण घाट चढताना तो आयोजकांना खुनी म्हणून ओरडला होता. (हाच लापीझ १९१७ साली महायुद्धात वैमानिक म्हणून मारला गेला.) तीन वर्षांनी त्याच तूरमालेच्या उतारावर युजीन क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घेण्यास नियमाने बंदी होती. त्याने सायकल खांद्यावर टाकली, मैलोगणती पायपीट करून खालचे गाव गाठले आणि लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी चिमटा सांधला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. एका पोराने भाता ओढला एवढ्यासाठी त्यांनी त्याला वर दंडही केला! १९१९ साली आघाडीवरच्या स्पर्धकाला पिवळा सदरा देण्याची प्रथा पडली. ‘लोतो’चा कागद पिवळा होता, तो सदरा प्रथम अंगावर आला तो याच क्रिस्तोफच्या.

हा इतिहास निर्मळ आहे असे कोणी समजू नये. गिअर बदलण्याचे आजचे साधन वापरण्यास १९३७ पर्यंत मनाई होती; स्पर्धकांचे हाल हाच पत्राचा मजकूर होता. १९६७ साली टॉम सिम्पसन मों व्हाँतूच्या चढावर, उत्तेजक औषध पोटात असताना, कोसळून मेला. लान्स आर्मस्ट्राँगची सातही विजेतेपदे २०१२ मध्ये काढून घेण्यात आली. तरीही दोन महायुद्धांचा काळ सोडला तर ही शर्यत थांबली नाही. जुलै आला की घाटाच्या वळणावर आजोबांनी नातवाला घेऊन उभे राहावे, हे तेथे तीन-चार पिढ्यांच्या अंगवळणी पडले आहे. त्याला तिकीट लागत नाही.

आपल्याकडे असे काही नव्हतेच असे नाही. मुंबई-पुणे सायकल शर्यत ही एका दिवसाची, परंतु तिचा प्राण होता बोरघाट. खोपोलीहून वर चढताना जो पुढे राहील तो ‘घाटाचा राजा’. पुण्यात कोण पहिला आला हे विसरणाऱ्यालाही घाटाचा राजा आठवत असे. पुढे त्या शर्यतीत खंड पडत गेला. रस्त्यावरची मोटारगाड्यांची गर्दी, पैशांची ओढाताण, ही कारणे खरीच. पण खंड पडला की जुने जाणते पांगतात, नव्या मुलांना सराव करण्याचे निमित्त उरत नाही, आणि पुन्हा सुरुवात करावयाची ती पहिल्या पायरीवरूनच.

म्हणून छत्रपती संभाजीनगरने परदेशी संघांची वाट पाहत बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याला घाट उसना आणावा लागत नाही. देवगिरीच्या पायथ्यावरून खुलताबादेकडे चढणारा रस्ता आहे. पुढे म्हैसमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरांवर उभे आहे. कन्नडचा घाट अधिक देखणा खरा, परंतु ज्या घाटातून अवजड वाहनांना जाण्यास उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला २०२३ मध्ये मनाई करावी लागली, तेथे आज शर्यतीचे नाव काढणे धाडसाचे होईल. तेव्हा शहर ते म्हैसमाळ एवढीच शर्यत पुरे. ती दरवर्षी, त्याच मार्गाने, डिसेंबरच्या ठरावीक रविवारी पहाटे व्हावी. दौलताबादच्या दरवाज्यात एरवी वाहनांचा जो खोळंबा होतो, तो त्या दिवशी चार तास थांबविणे प्रशासनाला जड नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही आग्रहाने मांडू. या शर्यतीत बिनगिअरच्या साध्या सायकलींचा स्वतंत्र गट असलाच पाहिजे, मुलींचाही असला पाहिजे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलीवर खेड्यातून शाळेला जाणारी मुलगी आणि चिकलठाण्याच्या कारखान्यात पाळीवर निघालेला कामगार रोज जेवढे अंतर तोडतात, तेवढे लाखाची सायकल घेऊन रविवारी निघणारे आमचे सुखवस्तू स्नेही क्वचितच तोडत असतील. उद्याचा घाटाचा राजा या पहिल्या दोघांतून निघण्याचा संभव अधिक. त्यांच्या वाट्याला आज रस्त्याची कुरतडलेली कड येते. परदेशी पाहुण्यांसाठी रस्ता होऊ शकतो, हे पुण्याने दाखविले. तोच न्याय जालना रस्त्याच्या कडेला का नाही, याचे उत्तर महापालिकेने आणि सार्वजनिक बांधकाम खात्याने द्यावे.

खर्चाचा प्रश्न निघेलच. त्यात वृत्तपत्रांनी आपला वाटा उचलावा. ‘लोतो’ने तो खपासाठी उचलला होता, आणि आमच्या व्यवसायाला खपाचे वावडे आहे असे आम्ही तरी म्हणणार नाही. शर्यतीचा निकाल आम्ही पहिल्या पानावर छापू. दुसऱ्या वर्षी स्पर्धक निम्मे आले, तरीही छापू.