हिशेबाची वही हेही शेतीचे अवजार

हंगाम संपतो, माल बाजारात जातो आणि आडत्या पट्टी हाती देतो. पट्टीवर वजन, भाव, हमाली, तोलाई आणि पदरात पडणारी रक्कम स्पष्ट लिहिलेली असते. तो माल पिकवण्यासाठी किती खर्च आला, हे मात्र कोठेही लिहिलेले नसते. ‘यंदा बरे सुटले’ किंवा ‘यंदा काही उरले नाही’ अशा अंदाजावर हंगामाचा निकाल लागतो आणि त्याच अंदाजावर पुढील हंगामाचे पीक ठरते. कृषी सेवा केंद्राच्या मालकाकडे उधारीची वही असते, सोसायटीच्या सचिवाकडे कर्जाची खतावणी असते, आडत्याकडे खरेदीची नोंद असते. शेतकऱ्याशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येकाकडे त्या व्यवहाराची नोंद आहे. बहुतेक वेळा ती नसते ती केवळ शेतकऱ्याकडे.

शेतकऱ्यांसाठीच्या कौशल्य प्रशिक्षणात आज ठिबक, रोपवाटिका, शेतमाल प्रक्रिया, ड्रोन असे अनेक विषय आहेत आणि ते आवश्यकही आहेत. परंतु या सर्वांच्या मुळाशी असणारी दोन साधी कौशल्ये गृहीत धरली जातात आणि म्हणूनच शिकवायची राहून जातात. ती म्हणजे मोजणे आणि नोंदणे. प्रौढ शेतकऱ्याला ही दोन कौशल्ये हाती धरून शिकवणे हे विस्तार यंत्रणेचे पहिले काम ठरले पाहिजे.

खिशातला खर्च आणि खरा खर्च

कृषी खर्च आणि मूल्य आयोग पिकाचा उत्पादन खर्च अनेक पातळ्यांवर मांडतो. ‘ए-2’ मध्ये प्रत्यक्ष रोखीने किंवा वस्तुरूपाने केलेला खर्च येतो. त्यात कुटुंबातील माणसांच्या श्रमाचे मोल मिळवले की ‘ए-2 अधिक एफएल’ होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याज धरले की ‘सी-2’ हा सर्वसमावेशक खर्च मिळतो. हमीभावाच्या चर्चेत हे शब्द वारंवार ऐकू येतात. पण स्वतःच्या शेतावर हे आकडे काढून पाहणारे शेतकरी थोडेच आढळतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका एकर सोयाबीनवर रोख खर्च 18,000 रुपये झाला, उत्पादन सात क्विंटल आले आणि भाव 4,000 रुपये मिळाला. उत्पन्न 28,000 रुपये. म्हणजे 10,000 रुपये ‘सुटले’. आता घरच्या माणसांचे वीस दिवसांचे राबणे 400 रुपये रोजाने धरले, तर आणखी 8,000 रुपये खर्चात जमा होतात आणि शिल्लक केवळ 2,000 रुपये राहते. तीच जमीन खंडाने दिली असती तर किती मिळाले असते, हा प्रश्न विचारला की हा व्यवहार तोट्यातही निघू शकतो. या वीस दिवसांपैकी बरेचसे दिवस घरातील स्त्रीच्या श्रमाचे असतात. निंदणी, वेचणी, मळणीनंतरची सफाई ही कामे वहीत आली नाहीत तर ती कुटुंबाच्या निर्णयातही येत नाहीत.

टोपणाचे माप

मोजण्याच्या अभावाची किंमत केवळ पैशांत मोजावी लागत नाही. कीटकनाशकाची शिफारस बहुधा हेक्टरी मात्रेत असते आणि शेतात माप असते बाटलीच्या टोपणाचे. समजा, शिफारस हेक्टरी 250 मिली औषध आणि 500 लिटर पाणी अशी आहे. एकरी हिशेब 100 मिली आणि 200 लिटर असा होतो. 16 लिटरच्या पंपाला सुमारे 8 मिली. हे गणित बरोबर असूनही फवारणी चुकू शकते, कारण प्रत्येकाच्या चालण्याचा वेग आणि प्रत्येक नोझल निराळे असते. दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागेवर साध्या पाण्याची फवारणी करून किती पाणी लागले ते मोजावे. 5 लिटर लागले तर एकरी 200 लिटरचा हिशेब जुळतो. 3 लिटरच लागले, तर एकरात सुमारे साडेसात पंपच बसतात आणि 100 मिलीऐवजी 60 मिली औषध पडते. कीड मरत नाही, औषध निकामी ठरवले जाते आणि पुढच्या वेळी दोन-तीन औषधे एकत्र मिसळण्याचा मोह होतो.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. अशा दुर्घटनांमागे एकच कारण नसते. तरीही डब्यावरील रंगीत त्रिकोणाचा अर्थ ओळखणे, मात्रा मोजणे आणि फवारणीचा दिनांक लिहून ठेवणे ही कौशल्ये जीव वाचवणारी आहेत, याविषयी दुमत असू नये.

प्रौढ शिकतात, गरज पटली की

‘शेतकऱ्याला लिहिण्याची सवय नाही’ हा आक्षेप नेहमी घेतला जातो. महिला बचत गटांनी तो केव्हाच खोडून काढला आहे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अद्ययावत लेखे ही गटांची पंचसूत्री आहे. तिच्यातील पाचवे सूत्र म्हणजे वहीच होय. जेमतेम शाळा पाहिलेल्या स्त्रियांनी ते सांभाळून दाखवले. नाशिक, सांगली भागातील द्राक्ष बागायतदारांचे उदाहरणही बोलके आहे. युरोपला माल पाठवायचा तर अपेडाच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंदणी, फवारणीची नोंद आणि रासायनिक उर्वरित अंशांची तपासणी अटळ असते. बाजाराने मागणी केली आणि बागायतदार नोंदी ठेवू लागले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भाव शेतकऱ्याच्या हाती नसेल तर हिशेबाने काय साधणार? वहीने भाव वाढत नाही, हे मान्यच केले पाहिजे. पण कोणत्या पिकावर पुन्हा पैसा लावायचा, चौथी फवारणी परवडते की नाही, जमीन खंडाने घ्यायची तर किती रकमेपर्यंत, हे निर्णय शेतकऱ्याच्याच हातात असतात. उत्पादक कंपनीच्या सभेत ताळेबंदावर प्रश्न विचारण्याचे धैर्यही स्वतःची वही लिहिणाऱ्यालाच येते. भावासाठी दाद मागतानाही लिहिलेला खर्च अंदाजापेक्षा अधिक वजनदार ठरतो.

येथे विस्तार कार्यकर्त्यांनी स्वतःच्या पद्धतीकडेही पाहावे. 1974 मध्ये पुदुच्चेरी येथे पहिले कृषी विज्ञान केंद्र स्थापन झाले. आज देशात अशी सातशेहून अधिक केंद्रे आहेत. त्यांच्या आद्यरेखा प्रात्यक्षिकांत लाभ-खर्च गुणोत्तर काढले जाते. पण ते गणित बहुधा विषय विशेषज्ञाच्या अहवालात राहते. ज्याच्या शेतावर प्रात्यक्षिक झाले त्याला निष्कर्ष ऐकायला मिळतो, आकडेमोड नाही. ती वही शेतकऱ्याच्या हातात राहावी, त्यानेच ती भरावी आणि कार्यकर्त्याने केवळ तपासावी, एवढा बदल केला तरी प्रात्यक्षिकाचे मोल वाढेल.

यासाठी नवी योजना लागत नाही. शेतीशाळेच्या प्रत्येक वर्गात अर्धा तास वहीसाठी राखावा. दिनांक, काम, मजुरीचे दिवस (घरचे व बाहेरचे निराळे), निविष्ठा व मात्रा, रक्कम असे पाच रकाने पुरेत. फवारणीच्या हंगामाआधी एकदा मोजपात्र आणि टेप घेऊन सर्वांनी आपापला पंप तपासावा. काढणीनंतर गटात बसून प्रत्येकाने आपला क्विंटलमागचा खर्च काढावा. शेजाऱ्याचा आकडा आपल्यापेक्षा कमी का, या एका प्रश्नातून जी चर्चा होते ती अनेक व्याख्यानांना साधत नाही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरात शाळेत जाणारे मूल असते. त्याच्या हाती वही आणि मोठ्यांच्या तोंडी आकडा, अशी जोडीही उत्तम चालते.

पुढच्या हंगामात आडत्याची पट्टी हाती पडेल, तेव्हा तिच्याशेजारी ठेवण्यासाठी शेतकऱ्याची स्वतःची वही असावी. मग सौदा बरा झाला की वाईट, हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागणार नाही.