मोतीबिंदू म्हाताऱ्यांचाच, हे कोणी सांगितले?

गेल्या महिन्यात एक निवृत्त गुरुजी दवाखान्यात आले. वय अडुसष्ट. खुर्चीवर बसता बसताच म्हणाले, "डॉक्टर, मला काहीच झालेलं नाही. पोरगा ऐकेना म्हणून आलो. पंधरा वर्षं चष्म्याशिवाय अक्षर दिसत नव्हतं, आता बिनचष्म्याचा पेपर वाचतो!" मुलाची तक्रार मात्र वेगळी होती. तिन्हीसांजेला समोरून दिवा लावून आलेली मोटारसायकल वडिलांना अंगावर येईपर्यंत उमगत नव्हती. थेंब टाकून बाहुली मोठी करून पाहिले, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की जवळचा नंबर काही काळ उतरतो आणि माणसाला वाटते, नजर परत आली. गुरुजींचा चेहरा पडला. पण त्यांची चूक नव्हती. आपल्याकडे मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पांढरा पडदा, एवढेच ज्ञान पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे.

पडदा डोळ्यावर येत नसतो. बाहुलीच्या मागे जे पारदर्शक भिंग असते तेच गढूळ होते. हे भिंग पाणी आणि प्रथिने यांचे बनलेले. त्याला रक्तपुरवठा नाही आणि गाभ्यातली प्रथिने जन्मापासून तीच, शरीर ती बदलून देत नाही. अंड्याचा पांढरा बलक तापला की जसा दुधी होतो, तशी ही प्रथिने वर्षानुवर्षांच्या झिजेने एकमेकांना चिकटतात आणि प्रकाश अडतो. म्हणून वय हे पहिले कारण, आणि साठी-सत्तरीत थोडाफार मोतीबिंदू बहुतेकांना असतोच. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील लोकांच्या अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले. इलाज हाताशी असताना ही अवस्था!

पण "वय झालं" म्हणून हात झटकणे मला पटत नाही. मधुमेह्याच्या भिंगात साखर शिरते, तिच्यापासून तयार होणारे द्रव्य पाणी ओढून घेते आणि मोतीबिंदू इतरांपेक्षा बऱ्याच वर्षांनी आधी येतो. चाळिशीतला माणूस दर दोन महिन्यांनी चष्म्याचा नंबर बदलून मागू लागला, तर मी आधी रक्तातली साखर पाहायला सांगतो. विडी-सिगारेट ओढणारे, जन्मभर उघड्या डोळ्यांनी उन्हात राबणारे, चुलीच्या धुरात बसणाऱ्या बायका, मोठा उणे नंबर असणारे, या सर्वांना धोका अधिक. लाकूड फोडताना ढलपी लागली, विटी लागली, फटाका उडाला, तर त्या एका डोळ्यात कोणत्याही वयात मोतीबिंदू होतो. विजेचा जबर धक्का बसलेल्यांतही तो होतो. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते. (वाचनाने किंवा टीव्ही पाहून मोतीबिंदू होत नाही. मुलांना टीव्हीपासून उठवायला दुसरे कारण शोधावे.)

मला खरा राग आहे तो एका वेगळ्या कारणाचा. तालुक्याच्या एका गावातला चौदा वर्षांचा मुलगा आईने आणला. दर उन्हाळ्यात त्याचे डोळे खाजत, लाल होत. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी थेंब लिहून दिले, दोन दिवसांत आराम पडला. मग तीच जुनी चिठ्ठी दाखवून, पुढे पुढे नुसती रिकामी बाटली दाखवून, माउली औषधाच्या दुकानातून तेच थेंब आणत राहिली. थेंब स्टिरॉइडचे होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आणि जोडीला काचबिंदू. मोतीबिंदू काढून भिंग बसवता येते. काचबिंदूने गेलेली नजर जगातला कोणताही डॉक्टर परत देत नाही. त्या बाईला काय म्हणून दोष द्यायचा? तिने पोराची काळजीच घेतली. दोष बाटली देणाऱ्याचा, आणि थेंब लिहून देताना "एवढेच दिवस टाका, मग बंद" हे न सांगणाऱ्या आम्हा मंडळींचाही. सांधेदुखीवर बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांतही पुष्कळदा स्टिरॉइडच असते. दम्यासाठी वा अन्य आजारासाठी डॉक्टरांनी स्टिरॉइड दिले असेल तर मात्र हे वाचून ते परस्पर बंद करू नये. डोळे तपासून घ्यावेत, एवढेच.

दुसरी गोष्ट "पिकू द्या" या सल्ल्याची. पूर्वी पूर्ण पिकलेला मोतीबिंदू काढणे सोपे जाई आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा लागे, तेव्हा थांबण्यात अर्थ होता. आता डोळ्यातच कृत्रिम भिंग बसवतात. रोजच्या कामाला अडचण येऊ लागली की शस्त्रक्रियेची वेळ झाली. फार पिकलेला मोतीबिंदू दगडासारखा कठीण होतो, कधी आतल्या आत पाझरतो. मग डोळा लालभडक होतो, असह्य ठणकतो आणि नजर कायमची जाण्याची भीती असते. मध, कांद्याचा रस, जाहिरातीतले थेंब यांनी मोतीबिंदू विरघळत नाही.

या थांबण्याची झळ घरातल्या बायकांना जास्त बसते. आजोबांना पेपर दिसेना की आठवड्यात तारीख ठरते. आजीला विचारावे, कधीपासून दिसत नाही? तर ती म्हणते, तांदळातले खडे दिसेनासे झाले तेव्हापासून. म्हणजे दोन वर्षे! एवढ्या काळात सुनेने तांदूळ निवडायचे काम स्वतःकडे घेतले आणि विषय मिटला. शासकीय रुग्णालयात ही शस्त्रक्रिया मोफत होते, अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे. बहुतेक वेळा अडते ते बरोबर कोण जाणार यावर.

आज घरी एक करून पाहा. भिंतीवरचे कॅलेंडर आठ-दहा हातांवरून आधी एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून घरातल्या प्रत्येकाला वाचायला लावा, स्वयंपाकघरातल्यांनाही. दोन डोळ्यांत फरक जाणवला तर तपासणी करून घ्या. काचबिंदूचा उल्लेख वर आलाच आहे. त्याविषयी पुढील आठवड्यात.