शस्त्रक्रिया एकदाच, पोषणाची राखण आयुष्यभर



पनवेलहून मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे जवळची. त्यामुळे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया तिकडे करून घ्यावी आणि पुढची सारी वर्षे इथल्या घरात, इथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काढावीत, असे सहज घडते. २०११ मध्ये नितीन गडकरी यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा वृत्तपत्रांतून तिची बरीच चर्चा झाली. २०१७ मध्ये इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर मुंबईच्या सैफी रुग्णालयात ती झाली, तेव्हा त्यांचे किती किलो उतरले याच्या बातम्या वारंवार येत होत्या. किलोंचा हिशेब असा सर्वांच्या लक्षात राहतो. शरीराच्या आत अन्नाची वाट कायमची बदलली आहे, ही गोष्ट मात्र काही वर्षांनी घरातलेही विसरतात. ज्यांनी पन्नाशीत शस्त्रक्रिया करून घेतली, ते आता साठी ओलांडत आहेत. या वयात पोषणाची उणीव ‘वय झाले’ या दोन शब्दांमागे दडून बसते. आजचा लेख मुख्यत्वे त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठी आहे.

प्रथम नेमके काय बदलते ते पाहू. जठर ही केवळ अन्न साठवण्याची पिशवी नव्हे. तेथे अन्न घुसळले जाते, आम्लामुळे प्रथिनांचे पचन सुरू होते आणि तेथेच ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचे एक प्रथिन स्रवते. बी-१२ हे जीवनसत्त्व या सोबत्याचा हात धरूनच लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जाते. सोबती अपुरा पडला, की आहारातील बी-१२ बव्हंशी वाया जाते.

‘स्लीव्ह’ शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि एक अरुंद नळी उरते. ‘गॅस्ट्रिक बायपास’मध्ये जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला पुढे जोडतात. त्यामुळे आतड्याचा आरंभीचा भाग अन्नाच्या वाटेवरून वगळला जातो. आणि लोह व कॅल्शियम यांचे शोषण प्रामुख्याने तेथेच होत असते. दोन्ही प्रकारांत भूक आणि तृप्ती यांची संप्रेरके बदलतात. मधुमेह आटोक्यात येतो, रक्तदाब उतरतो, गुडघ्यांवरचा भार हलका होतो. हे लाभ खरे आहेत आणि या लेखाचा हेतू कोणाला घाबरवण्याचा नाही.

तथापि या लाभाची दुसरी बाजूही जुनीच आहे. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन उतरते, हे पाहून अमेरिकेतील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांनी १९६०च्या दशकात बायपासची पद्धत पुढे आणली. जठर काढलेल्या रुग्णांना कालांतराने रक्तक्षय होतो, हेही वैद्यकाला त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

येथे काळाचे गणित समजून घेतले पाहिजे. यकृतात बी-१२चा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षी तपासण्या वेळेवर होतात, प्रकृती उत्तम वाटते, मग गोळ्या हळूहळू मागे पडतात. आणि साठा संपत येतो तो नेमका याच सुमारास. पावलांना मुंग्या येणे, चालताना तोल जाणे, विसराळूपणा, उदासपणा, जिना चढताना लागणारा दम ही सारी लक्षणे बी-१२ किंवा लोह यांच्या उणिवेची असू शकतात. घरात मात्र ती वार्धक्याच्या खाती जमा होतात. बी-१२ची उणीव लवकर ओळखली तर भरून येते. फार उशीर झाला तर मज्जातंतूंची हानी पूर्णपणे भरून येत नाही. मेटफॉर्मिन, आम्लपित्तावरच्या नित्याच्या गोळ्या आणि पूर्ण शाकाहार यांमुळे ही उणीव आणखी लवकर येऊ शकते.

थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, याची गोष्ट उलट आहे. त्याचा साठा जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीला सतत उलट्या होत असतील आणि त्यातच दोन-दोन दिसू लागले, पाय लटपटू लागले किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर तातडीने रुग्णालय गाठावे. अशक्तपणा आला की ‘एक सलाईन लावून घेऊ’ ही आपली सवय येथे घातक ठरू शकते. थायमिनविना ग्लुकोज दिल्यास प्रकृती बिघडू शकते. म्हणून शस्त्रक्रियेची माहिती डॉक्टरांना सर्वांत आधी द्यावी.

औषधांचेही काही नियम ध्यानात ठेवावेत. लोह आणि कॅल्शियम एकमेकांच्या शोषणात अडथळा आणतात, म्हणून त्यांच्या गोळ्यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. कॅल्शियम कार्बोनेटला आम्लाची गरज लागते. आम्ल कमी झालेल्या जठराला कॅल्शियम सायट्रेट अधिक मानवते. बी-१२ची मात्रा मोठी असते ती उगाच नव्हे. मोठ्या मात्रेतील थोडा अंश सोबत्याविनाही शोषला जातो. गोळीने भागत नसेल तर इंजेक्शन असते. बायपास झालेल्यांनी गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नयेत; त्यांमुळे जोडाच्या जागी व्रण होऊ शकतो. वजन उतरल्यावर मधुमेहाची आणि रक्तदाबाची जुनी मात्रा जास्त होऊन साखर वा रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो. ती मात्रा डॉक्टरांकडून वेळोवेळी ठरवून घ्यावी.

आता स्वयंपाकघराकडे वळू. आपल्याकडे प्रेमाचे माप वाढण्यात असते. परंतु ज्यांचे जठर लहान झाले आहे, त्यांना आग्रह नको, निवड हवी. ताटातला क्रम बदलावा: आधी प्रथिने, मग भाजी, शेवटी भात किंवा भाकरी. भाताने पिशवी भरली, तर स्नायूंना लागणारे प्रथिन पोटात जाणारच नाही. आणि उतारवयात स्नायू झिजले की पडण्याचे भय वाढते. दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिने हवीत, मात्र मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनी ठरवावे. यासाठी दूरच्या डब्यांची गरज नाही. रायगडातले वालाचे बिरडे मऊ शिजवून द्यावे. मूगडाळ, दही, पनीर, अंडे, काटे काढलेले मासे हे सारे उपयोगी. घास लहान, चर्वण सावकाश. पाणी जेवणासोबत नको, अर्ध्या तासाने घोटघोट प्यावे. जेवणानंतर लगेच चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते. शिरा, पुरणपोळी, उसाचा रस असे गोड पदार्थ जठरातून आतड्यात एकदम उतरले की घाम, धडधड, चक्कर आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. सणाच्या दिवशी हे विशेष जपावे.

वर्षातून किमान एकदा हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक यांची तपासणी करून घ्यावी. हाडांची घनता मोजण्याविषयीही डॉक्टरांना विचारावे. शस्त्रक्रियेचा प्रकार, तारीख आणि चालू औषधे एका कागदावर लिहून तो आधार कार्डाजवळ ठेवावा. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर दूरच्या शहरात असतील. रात्री-अपरात्री पनवेलमध्ये दार उघडणाऱ्या डॉक्टरांच्या हाती तोच कागद पडणार आहे.

आपल्या घरात अशी शस्त्रक्रिया झालेली ज्येष्ठ व्यक्ती असेल, तर या आठवड्यात एवढेच करा: शेवटची रक्ततपासणी कधी झाली, ते शोधून पाहा. वर्ष उलटून गेले असेल, तर पुढचा दिवस तपासणीसाठी राखून ठेवा.